निळ्या रेघेवरच्या हरकती-सूचना

शनिवार सकाळ. दुसरा चहा. गाडीच्या डिकीत गेले तीन आठवडे एक नवीकोरी प्लास्टिकची घागर पडून आहे आणि तिच्यापायी आज लिहायला बसलोय. खरं तर या आठवड्यात कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल लिहायचं ठरवलं होतं. ते पुढच्या शनिवारी.

तर झालं असं. मंगळवारचा दिवस. साडेनऊला क्लायंटचा कॉल. मी राहतो कर्वेनगरात, ऑफिस हिंजवडीच्या फेज थ्रीला. ज्यांना हा प्रवास माहीत आहे त्यांनी एक मिनिट शांतता पाळावी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: वारज्यावरून चांदणी चौक, मग बायपास, बावधन, सूस, बालेवाडी, वाकडचा पूल, आणि मग हिंजवडीकडे तोंड करून इंजिन चालू ठेवून बसलेली माणसंच माणसं. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकं लावून पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन पूल-रस्ते सुरू झाले, आणि गर्दी शहाण्यासारखी थोडी पुढे सरकून उभी राहिली. असो.

फोन होल्डरवर, ॲप चालू. सूसच्या अलीकडे ॲपने जाहीर केलं की जलद रस्ता सापडलाय, नऊ मिनिटं वाचतील. नऊ मिनिटं म्हणजे कॉलच्या आधी चहा! मी बायपास सोडला. नांदे-माणच्या बाजूचा तो रस्ता मला नवा नाही, पण त्या दिवशी तोही लाल झाला होता, कारण माझ्यासारख्याच चारशे हुशार लोकांना तोच सल्ला मिळाला होता. मग ॲपने आणखी हुशारी केली. एका गावात मुख्य रस्ता सोडून डावीकडे गावठाणात घातलं. (गाव कुठलं ते सांगत नाही. सांगितलं तर सोमवारी तुम्ही जाल.)

गल्ली कसली, दोन्ही बाजूंना ओटे, मध्ये जेमतेम एक गाडी. एका ओट्यावर गहू वाळत घातलेले. मी वीसच्या स्पीडने चाललो होतो, म्हणजे आपल्या हिशोबाने रांगतच. तेवढ्यात स्क्रीनवर पट्टी आली: पुढे वाहन थांबल्याचं कळवलं गेलंय, अजून आहे का? हो की नाही? दोन मोठ्ठी बटणं. पुढे खरंच एक टेम्पो माल उतरवत होता. मी 'हो' वर बोट ठेवलं.

बोट ठेवायला किती वेळ लागतो? सेकंद, दीड सेकंद. वीसच्या वेगाने दीड सेकंदात गाडी आठ मीटर जाते. हे गणित मी नंतर केलं. तेव्हा फक्त 'फट्ट' असा आवाज आला आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला.

नळाच्या कडेला भरून ठेवलेली घागर होती. ती गेली. घागरीपासून दोन हातांवर, चड्डी घातलेला तीन-एक वर्षांचा पोरगा उभा होता. तो माझ्याकडे बघत होता. रडला वगैरे नाही, नुसता बघत होता. पाणी त्याच्या पायापर्यंत आलं.

त्याची आजी ओट्यावरून उतरली. मला वाटलं आता मार पडणार. ती काचेपाशी आली आणि म्हणाली, "आरं बाबा, त्या मोबाईलमदी काय बघतुयास? फुडं बघ की!"

"सॉरी आजी, चुकलं."

"कुटं निगालास?"

"हिंजवडीला."

"मग वरला रस्ता सोडून हितं कशाला आलास?"

"तिकडं ट्रॅफिक आहे, आजी."

तिने माझ्या गाडीच्या मागे बघितलं. सहा गाड्या उभ्या होत्या. एकाने हॉर्नही वाजवून घेतला. "आन हितं काय हाय मग?" ती म्हणाली.

शेजारच्या ओट्यावर दात घासत असलेला एक माणूस ब्रश काढून म्हणाला, "रस्ता म्हनून दावतंय व्हय मोबाईलमदी? अंगान हाय ते साहेब आमचं."

मी पाकीट काढलं. कॅश नव्हती. (कोणाकडे असते आता?) आजींकडे स्कॅन करायला कोड असण्याचा प्रश्नच नव्हता. नवी घागर आणून देतो म्हटलं. "दे हो दे," म्हणाल्या, म्हणजे हा काही परत येत नाही. त्यांनी पोराला उचललं, मी गाडी पुढे घेतली. स्क्रीनवर अजून होतं: धन्यवाद! तुमच्यामुळे इतर चालकांना मदत होत आहे.

कॉलला मी वेळेत पोचलो. पाच मिनिटं आधीच. चहाही झाला.

त्या दिवसापासून हे 'धन्यवाद' डोक्यात बसलंय. कायदा काय म्हणतो ते आधी बघितलं. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या बदलानुसार केंद्रीय मोटार वाहन नियमांत असं आहे की गाडी चालवताना हातातलं उपकरण वापरायचंच असेल तर फक्त रस्ता बघण्यासाठी, आणि तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे बघायला परवानगी आहे. वाचून विचार करून उत्तर द्यायला नाही. पण गर्दीकडून माहिती गोळा करणाऱ्या ॲपचा सगळा धंदाच चालत्या गाडीतून उत्तर देण्यावर उभा आहे. अपघात कोण कळवणार? अपघाताजवळून जाणारा. म्हणजे रस्त्यावर सगळ्यात जास्त लक्ष हवं नेमक्या त्या ठिकाणी, त्या क्षणी, ते तुम्हाला प्रश्न विचारतं. खड्डा टाळायचा की खड्ड्याबद्दल मत द्यायचं? आम्ही ऑफिसात एखादा डायलॉग बॉक्स चुकीच्या वेळी आला तर टेस्टर बग टाकतो. इथे तो बग नाही, फीचर आहे. बटण मोठं केलंय, आवाजी आज्ञेची सोय दिलीय, 'मी प्रवासी आहे' म्हणायची सोय दिलीय, हे मान्य. पण खरं सांगा, एकटे गाडीत असताना 'मी प्रवासी आहे' वर टिचकी मारून पुढे गेला नाहीत असे किती जण आहात? मी तर डोळे झाकून मारायचो. (डोळे झाकून, हो. शब्द बरोबर पडला.)

आता कोणी म्हणेल, अरे तुझं लक्ष नव्हतं, ॲपला काय दोष देतोस? बरोबर आहे. घागर मी फोडली. ते पाप माझं. पण मी त्या गल्लीत होतोच कशाला, हा प्रश्न उरतो, आणि तो माझ्या एकट्याचा नाही.

हे गर्दीचं शहाणपण येतं कुठून ते आपल्या धंद्यातल्या लोकांना तरी माहीत असायला हवं. वेझची सुरुवात इस्राएलमध्ये २००६ च्या सुमाराला एहूद शबताई नावाच्या माणसाने 'फ्रीमॅप इस्राएल' म्हणून केली. लोकांनीच नकाशा काढायचा, लोकांनीच दुरुस्त करायचा, फुकट वापरायचा. छान कल्पना होती. आपण विकिपीडियावर जसे प्रेमाने राबतो तसे लोक राबले. जून २०१३ मध्ये गूगलने ती कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरला घेतली. राबणाऱ्यांना मिळालं 'धन्यवाद'. आता ह्यात बेकायदा काही नाही, पण आपण 'समाजसेवा' म्हणून जी बटणं दाबतो त्याचा हिशोब एकदा डोक्यात असलेला बरा.

आणि बटण दाबलं नाही तरी आपण माहिती देतोच. खिशातला फोन किती वेगाने सरकतोय, यावरूनच रस्ता हिरवा की लाल ते ठरतं. फेब्रुवारी २०२० मध्ये बर्लिनमधल्या सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराने याची मस्त जिरवली होती. एका छोट्या हातगाडीत ९९ जुने स्मार्टफोन घातले आणि रिकाम्या रस्त्यावरून ती गाडी हळूहळू ओढत फिरला. नकाशावर तो रस्ता लाल! रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि नकाशा म्हणतो ट्रॅफिक जाम. कंपनीने गमतीत घेतलं, आणि जाता जाता सांगितलं की भारतासारख्या देशांत आम्ही कार आणि मोटरसायकल वेगळी ओळखतो. चांगलं आहे. म्हणजे सिग्नलला फटीफटीतून सुळकन निघून गेलेली स्कूटर बघून ॲपला रस्ता मोकळा वाटू नये, एवढी काळजी घेतली आहे.

पण माझा मुद्दा उलटा आहे. रिकामी हातगाडी नकाशाला दिसते कारण तिच्यात फोन आहेत. नळावरची आजी दिसत नाही. तो तीन वर्षांचा पोरगा दिसत नाही. ओट्यावरचे गहू दिसत नाहीत. तेव्हा त्या गल्लीतून एकही फोन सरकत नव्हता म्हणूनच ती गल्ली ॲपला 'मोकळी' वाटली. ती मोकळी नव्हती. माणसांनी भरलेली होती. फक्त ती माणसं कुठे जात नव्हती, तिथे राहत होती.

आणि जिथे गर्दी जातच नाही तिथे तर गर्दीचं शहाणपण म्हणजे शून्य. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात काय झालं आठवतंय? पुण्याकडून कळसूबाईला निघालेली मंडळी, रात्रीची वेळ, नकाशाने दाखवलेला जवळचा रस्ता. तो रस्ता धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. गाडी सरळ पाण्यात. दोघे पोहून वाचले, एकाचा जीव गेला. तो रस्ता दरवर्षी काही महिने पाण्याखाली असतो हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्या पोराला कोणी विचारलं नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगेवरच्या, पुराने आधीच तुटलेल्या पुलावरून गाडी खाली गेली, तीन माणसं गेली. तिथे अडथळे न लावणारे अधिकारी पहिले गुन्हेगार, यात वाद नाही. पण तुटलेल्या पुलावरून कोणी जातच नाही, मग तो तुटलाय हे कळवणार कोण?

थोडं गणित. (कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा, पण इंजिनीअर असाल तर सोडू नका, हे मस्त आहे.) आर्थर पिगू नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९२० साली एक साधं उदाहरण मांडलं होतं, ते आपल्या भाषेत सांगतो. दोन रस्ते. एक रुंद, कितीही गाड्या आल्या तरी ६० मिनिटं लागणारच. दुसरा अरुंद, रिकामा असेल तर झटक्यात, पण जितक्या गाड्या वाढतील तितका वेळ वाढतो. हजार गाड्या झाल्या की तोही ६० मिनिटं. एकूण गाड्या हजार. प्रत्येक जण शहाणा, प्रत्येकाच्या हातात ॲप. काय होईल? अरुंद रस्ता कधीच रुंदापेक्षा वाईट नाही, म्हणून सगळे हजार अरुंद रस्त्यात. सगळ्यांना ६० मिनिटं! आता समजा कोणी ५०० जणांना दामटून रुंद रस्त्यावर ठेवलं. त्यांना ६० च, म्हणजे त्यांचं काही बिघडलं नाही. अरुंदवाल्यांना ३० मिनिटं. सरासरी ४५. म्हणजे प्रत्येकाने आपापलं भलं बघितल्यावर सगळ्यांचं मिळून तीन मिनिटांच्या जागी चार खर्च झाले. रफगार्डन आणि तार्दोश या दोघांनी २००२ मध्ये सिद्ध केलं की वेळ असा सरळ रेषेत वाढत असेल तर नुकसान यापेक्षा, म्हणजे ४/३ पेक्षा जास्त होत नाही, रस्त्यांचं जाळं कितीही गुंतागुंतीचं असो. त्याच्याही आधी १९६८ मध्ये डिट्रिश ब्रेसने दाखवलं होतं की जाळ्यात एक नवीन जोडरस्ता टाकला तर सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो.

पुण्यात आपण नवीन जोडरस्ते बांधत नाही. आपण ते फोनवर 'शोधतो'. परिणाम तोच.

आणि या सगळ्या गणितात, पिगूपासून आजपर्यंत, एक गोष्ट कुठेच नाही. अरुंद रस्त्याच्या कडेला राहणाऱ्याचा वेळ, त्याची झोप, त्याचं पोरगं. ॲप ज्याची बेरीज करून कमीतकमी आणायला बघतं त्यात त्या गल्लीचा एकही आकडा नसतो. तुम्ही ज्याचा आकडाच धरला नाही ते कमी कसं होणार? कोड लिहिणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायची गरज नाही.

आता स्वतःची लक्तरं. आमची कर्वेनगरातली सोसायटी आतल्या गल्लीत आहे. बाबा निवृत्त, गुडघे दुखतात, संध्याकाळी सहाला दूध आणायला आणि तेवढ्याच निमित्ताने पारावरच्या मित्रांना भेटायला जातात. जायचे. गेल्या वर्षीपासून संध्याकाळी आमची गल्ली कोणाच्या तरी ॲपला सापडली आहे. मुख्य रस्ता तुंबला की सगळा लोंढा आमच्या फाटकासमोरून. बाबा गल्ली ओलांडायला फाटकापाशी उभे असतात. पाच मिनिटं, सात मिनिटं. मग परत वर येतात आणि म्हणतात, आज चहा कोराच करू.

सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा पेटली. सेक्रेटरी काकांनी (बँकेतून रिटायर, वय ६८, आवाज ८६ चा) जाहीर केलं, की आपल्याकडे आयटीतला मुलगा आहे, तो ॲपवर रस्ता बंद असल्याचं टाकेल. सगळ्यांनी अंगठे दाखवले. आयटीतला मुलगा म्हणजे मी. चार फोन जमवले. आईचा, बाबांचा, सेक्रेटरी काकांचा, माझा. संध्याकाळी साडेपाचला चौघांनी मिळून कळवलं: रस्ता बंद. मग गच्चीत जाऊन वाट बघितली. काका म्हणाले, युद्धात असंच असतं.

काही झालं नाही. ॲपने आमचं म्हणणं ऐकून घेतलं असेल, पण समोरून खिशात फोन घेऊन तीसच्या स्पीडने जाणारे शंभर जण म्हणत होते की रस्ता चालू आहे. ते एक बटणही न दाबता म्हणत होते. चौघांचं मत पडलं. अमेरिकेत काही ठिकाणी लोकांनी हेच करून पाहिलंय, त्यांचीही अशीच डाळ शिजली नाही. नंतर काकांनी दोन ड्रम आणि दोरी आणून गल्ली अडवली. त्यावर एक कारवाला उतरून म्हणाला, "काका, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे दुसऱ्यांच्या गावठाणातून ऑफिसला गेलो. हो. त्याच आठवड्यात. तेव्हा मला त्यात काही विसंगत वाटलं नव्हतं, त्यासाठी घागर फुटावी लागली.

त्या कारवाल्याची भाषा सोडा, पण मुद्दा खोटा नाही. रस्ता सार्वजनिक आहे. न्यू जर्सीत लिओनिया नावाचं छोटं गाव आहे, न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाजवळ. पुलावर गर्दी झाली की ॲप लोकांना गावात घुसवायचं. जानेवारी २०१८ मध्ये गावाने वैतागून सुमारे साठ रस्ते गर्दीच्या वेळी बाहेरच्यांना बंद केले, मोडल्यास २०० डॉलर दंड. त्याच वर्षी न्यायालयाने तो नियम रद्द केला. गावाचे रस्ते एकट्या गावाचे नसतात. सगळ्यांच्या करातून होतात, सगळ्यांना जायचा हक्क. मला हे पटतं. फाटक लावून 'बाहेरच्यांना प्रवेश नाही' म्हणणारी सोसायटी मला आवडत नाही, आमची असली तरी. उद्या अँब्युलन्सला गल्लीतूनच जावं लागलं तर गेलंच पाहिजे.

मग माझं म्हणणं काय? एवढंच, की सार्वजनिक रस्त्याचं काय करायचं हे ठरवायची आपल्याकडे एक सार्वजनिक रीत आहे. महाराष्ट्रात १९६६ चा नगररचना कायदा आहे. शहराचा विकास आराखडा, म्हणजे आपला तो सुप्रसिद्ध डीपी, करताना कुठली गल्ली रुंद होणार, कुठून मोठा रस्ता जाणार हे आधी नकाशावर प्रसिद्ध करावं लागतं आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. सुनावणी होते. त्यात घोळ होतात, बिल्डरांच्या सोयी बघितल्या जातात, वर्षानुवर्षं जातात, सगळं मान्य. पण निदान त्या आजीला अर्ज देता येतो. निदान कोणीतरी एक खुर्चीवर बसलेला माणूस असतो, ज्याच्यासमोर जाऊन तिला विचारता येतं, 'बाबा, माझ्या दारातून रस्ता कुणी काढला?'

निळी रेघ तिच्या अंगणातून गेली तेव्हा कोणी हरकती मागवल्या? तिचा अर्ज कुठल्या खिडकीवर घेतात? मुख्य रस्त्याचं काम वीस वर्षांच्या आराखड्यात, आणि गावठाणातल्या गल्लीला जिल्हामार्गाचा दर्जा सकाळी ८:५० ला, नऊ मिनिटांसाठी, कुठल्याशा सर्व्हरवर.

आणि हे करता येत नाही असं मला कोणी सांगू नये. जुलै २०२४ मध्ये गूगलने भारतात आठ शहरांपासून सुरुवात करून, चारचाकीला अरुंद रस्ते टाळायला मदत करायची सोय जाहीर केली. म्हणजे कुठला रस्ता अरुंद ते त्यांना ओळखता येतं. फक्त ती सोय गाडी अडकू नये म्हणून केली, आजी अडकू नये म्हणून नव्हे. वेझने २०१४ पासून शहरांच्या प्रशासनाशी माहितीची देवाणघेवाण करायचा कार्यक्रम चालवला. म्हणजे शहराशी बोलायलाही येतं. मग महापालिकेने, ग्रामपंचायतीने, उघडपणे, सगळ्यांना बघता येईल अशी यादी द्यावी: ही गावठाणं, या शाळेच्या गल्ल्या, शाळा सुटायच्या या वेळा, इथून आरपार वाहतूक पाठवू नका. रस्ता बंद नाही. ज्याला तिथेच जायचंय त्याने खुशाल जावं, अँब्युलन्सने जावं, वाट चुकलेल्याने जावं. फक्त हजार जणांना एकाच वेळी तिकडे ढकलू नका. आणि अशी यादी पाळायची सक्ती कायद्याने करावी, कंपनीच्या चांगुलपणावर सोडू नये. यादीवर हरकती-सूचना मागवाव्यात हे ओघाने आलंच. आमच्या सेक्रेटरी काकांना निवृत्तीनंतरचं काम मिळेल. :)

दुसरं, चालत्या गाडीतल्या एकट्या चालकाला प्रश्न विचारणं बंद करा. उरलेल्या शंभर फोनांच्या वेगावरून तुम्हाला कळतंच ना सगळं? आमचं खोटं तर तुम्ही तेवढ्यावरच पकडलंत. मग माझं बोट कशाला हवंय?

मित्राला हे सगळं ऐकवलं. तो ऑफिसात शेजारी बसतो, नागपूरचा आहे, नकाशाशिवाय कॅन्टीनलाही जात नाही. म्हणाला, "अबे, मग काय ॲप बंद करून जाशील का आता?" नाही. मीही रात्री-अपरात्री कोकणात घाटात याच ॲपच्या भरवशावर उतरलोय. मागे एकदा वरंधा घाट बंद असल्याचं कोणीतरी कळवलेलं दिसलं म्हणून ताम्हिणीने गेलो, त्या अनोळखी माणसाचे आभार मी आजही मानतो. दिशा बघायला वापरतो, वापरणार. पण त्या मंगळवारनंतर 'जलद रस्ता सापडला' या वाक्याचं मी काय करायचं ते मी ठरवतो. गेले तीन आठवडे बायपासवरच राहतोय, वाकडच्या पुलाखाली सगळ्यांबरोबर उभा राहतोय. पहिल्या दिवशी ११ मिनिटं उशीर झाला. दुसऱ्या दिवशी ६. एकदा चक्क लवकर पोचलो, कारण बहुतेक सगळे गावठाणात अडकले असावेत. घरून आता वीस मिनिटं आधी निघतो. आई म्हणते, एवढ्याशा गोष्टीसाठी ॲप कशाला लागतं, आम्ही असेच निघायचो.

बाबांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. काल संध्याकाळी ते फाटकापाशी उभे होते, मी गच्चीतून बघत होतो. एकाही गाडीवाल्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. सगळे स्क्रीनकडे बघत होते असं मी म्हणणार नाही, काही जण समोरही बघत होते. शेवटी एका स्विगीवाल्या पोराने बाइक आडवी घालून मागच्यांना थांबवलं आणि बाबांना हात केला. त्याच्याही हँडलला फोन होता.

घागर घेऊन तीन आठवडे झाले. २२० रुपये, निळी, चांगली जाड आहे. नेऊन दिली नाही, कारण प्रत्येक वेळी प्रश्न पडतो की द्यायला पुन्हा गाडी घेऊनच त्या गल्लीत शिरायचं का? उद्या रविवार. गाडी गावाबाहेर मुख्य रस्त्याला लावून घागर खांद्यावर घेऊन जाणार आहे. ॲपवर बघितलं, चालत सात मिनिटं दाखवतंय.